तिच्या हातची भाकर आणि आमची कमिटी

ज्या ठरावाखाली पाच सह्या आहेत, त्यातली तिसरी माझी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बाकीच्यांवर यथेच्छ तोंडसुख घेणार आहे आणि वाचणाऱ्याला असं वाटायला नको की ही बाई त्या दिवशी गावाला गेली होती. मी तिथेच होते. ठराव लिहिलासुद्धा मीच. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, अक्षर चांगलं आहे, त्यामुळे लिहायचं काही निघालं की वही माझ्याकडे सरकवतात.

आमची मंडळी लहान. लोणखेड्याच्या पुढे केळीचे आणि उसाचे मळे लागतात, त्या पट्ट्यातल्या एका गावात आमचं पत्र्याचं चर्च आहे. मळे आमचे नव्हेत, आमच्यातली बरीच माणसं त्या मळ्यांत कामाला जातात. खाली चटया अंथरतात, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. पाळकसाहेब तरुण आहेत आणि स्वभावाने इतके गरीब की प्रार्थनेतसुद्धा देवाकडे फार काही मागत नाहीत. कारभार पाहते ती पाच जणांची कमिटी. तिच्यात पहिली बाई म्हणून मला घेतलं तेव्हा हार घातला होता. त्या हाराची मला फार दिवस गुर्मी होती.

कमिटीचे प्रमुख म्हणजे जंगल खात्यातून निवृत्त झालेले वनरक्षक. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, रविवारी सगळ्यांच्या आधी हजर, चटया सरळ आहेत का ते पायाने लावून पाहणार. जंगलात त्यांनी आयुष्यभर कोण कुठून आत शिरलं ते पाहिलं, आणि चर्चमध्येही तेच करत राहिले.

आणि ती. तिला मी ताई म्हणते, वयाने ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान असली तरी. मी तिच्या लेकीला शिकवलं म्हणून ती मला बाई म्हणते. धडगावच्याही वर, डोंगरातल्या पाड्यावरची. लहानपणी इथल्या वसतिगृहात शिकायला आली, इथेच बाप्तिस्मा घेतला, इथेच लग्न झालं, इथेच विधवा झाली. आता त्याच वसतिगृहात स्वयंपाक करते. डोंगरातलं कोणी भेटलं की पावरीत बोलते, बाकी सगळ्यांशी अहिराणीत. देवाशीही अहिराणीतच.

प्रभुभोजनाची भाकर वीसेक वर्षं तीच करत आली. म्हणायला भाकर, असते ती गव्हाची पातळ पोळी. महिन्याचा पहिला रविवार आला की आदल्या शनिवारी दुपारी ती पीठ फडक्यातून दोनदा चाळते, मीठ नाही, तेल नाही, नुसतं कोमट पाणी. मातीच्या तव्यावर अर्धी भाजली की उतरवते, सुरीच्या मागच्या बाजूने उभ्याआडव्या रेघा ओढते, आणि मग फडक्याने दाबत दाबत पुन्हा भाजते. रविवारी पाळकसाहेबांनी ती हातात घेऊन मोडली की बरोबर रेघेवर मोडते, चुरा पडत नाही, आणि प्रत्येकाला सारखा तुकडा येतो. मी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये गेले आहे, तिथलीही खाल्ली आहे. अशी कुठे नाही.

गेल्या भाद्रपदात तिचा बाप गेला. म्हातारा कधी ख्रिस्ती झाला नाही. तुझा देव तुला, माझा मला, असं त्याचं सरळ होतं. पण दर नाताळला डोंगरातून उतरून यायचा, चारोळ्यांची पुरचुंडी घेऊन, आणि उपासना संपेपर्यंत बाहेर झाडाखाली बसायचा. मग आमच्या पंगतीत जेवायचा आणि सगळ्यांना हात जोडून निघायचा. आम्हाला तो चालायचा. जिवंत होता तोवर.

तो गेल्यावर ती जीपने वर गेली. त्यांच्याकडे मेलेल्याला निरोप द्यायच्या दिवशी मोहाच्या दारूची बारीक धार जमिनीवर सोडतात. त्याच्या नावाने, त्याची तहान भागावी म्हणून. पहिली धार पोटच्या पोराची. तिचा भाऊ कधीच वारलेला, राहिली ही एकटी. पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी पानाचा द्रोण तिच्या हातात दिला आणि तिने धार सोडली. बस, एवढंच. तिच्या भाचीने त्याचा फोटो काढला आणि मोबाइलच्या स्टेटसला ठेवला, आजोबांच्या प्रेमापोटी. ती पोर तरी काय करणार, तिला काय माहीत खाली आमची कमिटी बसलेली आहे.

तो फोटो रविवारपर्यंत सगळ्यांच्या हातात होता. ज्यांना एरवी उपासनेची वेळ मोबाइलमध्ये सापडत नाही, त्यांना हा बरोबर सापडला. मंगळवारी बैठक झाली. पाच शहाणी माणसं एका मोबाइलवर डोकी घालून बसलो होतो आणि कोषाध्यक्ष दोन बोटांनी फोटो मोठा करत होते.

“द्रोणच आहे.”

“पाणी असेल.”

“पाणी कशाला असेल? दारूच ती.”

पाळकसाहेब म्हणाले, “दुःखात माणूस...” गार्डसाहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते वाक्य तिथेच संपलं. मग गार्डसाहेब बोलले. ते अशा वेळी अगदी कचेरीतलं मराठी बोलतात. “आज धार. उद्या कोंबडं. परवा अंगात येणाऱ्या बडव्यापुढे बसतील. आपण एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल. ठरावात मूर्तिपूजा असं स्पष्ट लिहा.”

आणि मी काय केलं? मी म्हणाले, मूर्तिपूजा नको, समोर मूर्ती नव्हती, आपण ‘मूर्तिपूजेसारखं कृत्य’ असं लिहू. मला वाटलं मी केवढा न्याय केला! सगळ्यांनी माना डोलावल्या, बाई बरोबर बोलतात म्हणाले, आणि मी वळणदार अक्षरात ते लिहून काढलं. तिला बोलावून विचारावं, ताई, काय झालं होतं ते सांग, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. शाळेत काच फोडणाऱ्या पोरालासुद्धा मी आधी विचारायची, का रे फोडलीस.

शिक्षा अशी ठरली. सहा महिने प्रभुभोजन नाही. बसायचं शेवटच्या चटईवर, दाराशी. सहा महिन्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, मी धार टाकली ते पाप होतं. तसं म्हटलं तर परत घ्यायचं, नाही म्हटलं तर मंडळीच्या रजिस्टरमधून नाव कमी. जिने दहाव्या वर्षापासून या चटयांखेरीज दुसरं घर पाहिलं नव्हतं, तिचं नाव.

रविवारी ठराव वाचून दाखवला. वाचला गार्डसाहेबांनी, पण शब्द माझे होते. ती उठली, पिशवी उचलली आणि मागे जाऊन चपलांच्या शेजारी बसली. रडली नाही. मला त्याचाही राग आला, हे लिहायला लाज वाटते. रडली असती तर मला उठून तिच्या पाठीवरून हात फिरवता आला असता.

मग पुढचा पहिला रविवार आला आणि भाकर कोण करणार हा प्रश्न उभा राहिला. पाळकीणबाईंनी केली. बिचारीने मनापासून केली, पण ती अशी चिवट झाली की पाळकसाहेबांनी ‘मोडली’ म्हणत ताणली आणि ती मोडेचना. त्यांनी पुन्हा ताणली. बायकांच्या बाजूने कोणीतरी फिसकन हसलं. त्याच्या पुढच्या महिन्यात कोषाध्यक्षांनी शहाद्याच्या बेकरीतून पाव आणला. घाईत आणला, कापला तर आत लाल-हिरवी टुटीफ्रुटी. त्या दिवशी आमच्या मंडळीने टुटीफ्रुटीचं प्रभुभोजन घेतलं आणि गार्डसाहेबांनी डोळे मिटून त्यावर प्रार्थना केली.

आता नाताळ तोंडावर होता. बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. पुन्हा बैठक बसली आणि कमिटीच्या सुपीक डोक्यातून तोडगा निघाला: भाकर तिलाच करू द्या. कोणीतरी चाचरत विचारलं की ती तर शिस्तीखाली आहे. गार्डसाहेब म्हणाले, “बनवणं ही सेवा आहे. सेवेला आपण मनाई केलेली नाही. मनाई खाण्याला आहे.”

मला वाटलं आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. मग निरोप कोण देणार, तर बाई देतील. आणि बाई गेल्या.

ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. घरून निघताना मनात किती वाक्यं तयार केली होती, तिने तोडून टाकलं तर काय बोलायचं, रडली तर काय. तिने सुपातून मान वर केली आणि विचारलं, “कितला माणसं व्हतीन, बाई?”

“ऐंशी धर.”

तिने थोडा विचार केला. “माले धरीसन का सोडीसन?”

आणि मी म्हणाले, “सोडून.”

म्हणाले मी हे. या तोंडाने म्हणाले. दुसरं काहीही बोलता आलं असतं. मला माहीत नाही म्हणता आलं असतं, सूप बाजूला करून तिच्याजवळ बसता आलं असतं. पण मला प्रश्न विचारला की बरोबर उत्तर द्यायची सवय, ते मी दिलं. ती “बरं” म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

नाताळच्या उपासनेत भाकर नेहमीसारखी रेघेवर मोडली. पाहुण्यांपैकी एक मोठे गृहस्थ नंतर म्हणाले, तुमच्याकडची भाकर फार सुरेख असते हो. गार्डसाहेब म्हणाले, देवाची कृपा. ताट फिरलं, एकेका चटईवरून मागे मागे गेलं, शेवटच्या चटईच्या अलीकडे येऊन वळलं आणि परत गेलं. मी मान वळवून पाहत होते. तिने भाजलेली ती पोळी तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून परत गेली आणि तिने पदर नीट करून भजनाचं पुस्तक उघडलं. माझ्या तोंडात तुकडा होता. तो मी गिळला, पण त्या दिवशी जो राग पेटला तो आजतागायत विझलेला नाही.

हा कसला देव आम्ही बसवला आहे, असं मला वाटायला लागलं. ज्याच्या नावाने जेवतो तो आयुष्यभर नको त्या माणसांच्या पंगतीला बसला म्हणून बदनाम झाला, आणि आम्ही त्याच्याच ताटावर पहारेकरी बसवले. दर रविवारी दया, दया, दया. दयेची भजनं, दयेचे संदेश, भिंतीवर रंगाने लिहिलेली दया. आणि एका म्हाताऱ्याच्या पोरीने बापाला निरोप दिला तर लगेच ठराव. दारू पिऊन बायकोला बडवणारे दोघे जण पुढच्या चटईवर बसतात, ते मला नावानिशी माहीत आहेत. त्यांचा फोटो कोणी काढला नाही एवढंच.

जानेवारीत मी एक शहाणपणा केला. माझ्या वाटचा तुकडा अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला आणि उपासना संपल्यावर तिला बाहेर गाठून हातात दिला. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. तिने रुमाल उघडून पाहिला, पुन्हा तसाच बांधला आणि माझ्या हातात ठेवला.

“ऱ्हावू द्या, बाई. अशी चोरीनी नको माले. पुढून देतीन तव्हय खासू.”

मग मी तिच्यामागेच लागले. म्हटलं, कशाला ताणतेस? दोन वाक्यं आहेत. उभी राहा, म्हण, चुकलं माझं, संपलं. देवाला खरं काय ते माहीत आहे.

“त्याले माहीत शे म्हनीसनच कशी म्हनू?” ती म्हणाली. “तठे मी कोना देवले हात जोडात नहीं. बापले धार दिनी. मन्हा बाप व्हता तो. त्याले वाटे लावं ते पाप व्हतं, असं मी सगळासमोर सांगू?”

हे सगळं तिने अगदी सहज सांगितलं. चिडले ते मीच. तिच्या ओसरीवर बसून मी गार्डसाहेबांना तोंडाला येईल ते बोलले. दगडाचा माणूस, ढोंगी, चटया मोजणारा, त्याला बाप-बिप होता की नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “व्हता ना. त्या भी आमना पहाडनाच शेतस.”

मला हे माहीत नव्हतं. गार्डसाहेब डोंगरातले आहेत हे त्यांच्या बोलण्यावरून कधी कळायचंच नाही. तिने सांगितलं ते असं. तीस वर्षांपूर्वी त्यांचा बाप वारला. त्यांचा पाडा तिच्या पाड्याला लागूनच, ती तेव्हा माहेरी होती. गार्डसाहेब नवे नवे ख्रिस्ती झालेले, खाकी कपड्यांतच वर आले. आंब्याखाली उभे राहिले. म्हाताऱ्यांनी द्रोण पुढे केला, त्यांनी हात मागे घेतले. मोठा मुलगा धार टाकत नाही म्हणून सगळे खोळंबले. त्यांची आई त्यांच्या पायाशी बसून राहिली. ते तसेच वळले आणि उतरून खाली आले, ते पुन्हा कधी वर गेले नाहीत. आई मेली तेव्हाही नाहीत.

“तीस वरीस व्हयनात,” ती म्हणाली. “त्यासनी नहीं टाकी, मी टाकी. म्हनीसन त्यासले माले देखाले व्हत नहीं. मानूस वाईट नहीं शे, बाई.”

मी हे ऐकलं आणि मला काय वाटलं ते स्पष्टच लिहिते. दया वाटली नाही. आनंद झाला. मला हत्यार मिळालं होतं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात बैठक झाली. सहा महिने संपले होते आणि तिने कबुली दिली नव्हती. गार्डसाहेबांनी रजिस्टर उघडलं, तिच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ठरावाप्रमाणे नाव कमी करावं लागेल. बाई, लिहून घ्या.

मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “लिहिते. पण आधी एक सांगा. बापाला निरोप न देता, आईला आंब्याखाली मातीत बसलेलं सोडून जो मुलगा निघून येतो, त्याचं नाव कोणत्या रजिस्टरमध्ये लिहायचं?”

कोणाला काही कळलं नाही. फक्त त्यांना कळलं. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. नाही थांबले. मी सगळं सांगितलं, पाड्याचं नाव घेऊन, खाकी कपड्यांसकट, आई मेली तेव्हाही गेला नाहीत इथपर्यंत. माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. पाळकसाहेब जमिनीकडे पाहत होते. कोषाध्यक्षांनी एकदा “बाई” म्हटलं, मी हाताने त्यांना गप्प केलं. सहा महिन्यांत साठलेलं सगळं मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर ओतलं आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

गार्डसाहेबांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. इस्त्रीच्या शर्टाने त्यांना काही पुसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“खरं आहे,” ते म्हणाले. चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाले, “तिचं नाव राहू द्या.” आणि उठून गेले. रजिस्टर उघडंच राहिलं.

ठराव रद्द झाला. तोही मीच लिहिला, त्याच वळणदार अक्षरात. घरी जाताना माझी पावलं हलकी पडत होती. वाटेत तिच्याकडे जाऊन सांगितलं, ये आता पुढे बसायला. कसं झालं ते सांगितलं नाही. ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं, आमच्याकडे कळतंच.

ईस्टरच्या रविवारी चर्च भरलं होतं. ती पुढे, उजवीकडे, आपल्या जुन्या जागी बसली. मी तिच्या शेजारी, विजयी. आणि मागे वळून पाहिलं तर शेवटच्या चटईवर, चपलांच्या शेजारी, गार्डसाहेब बसले होते. कोणी सांगितलं नव्हतं. शर्टाला इस्त्री नव्हती. त्यांच्या आसपास कोणी बसलं नव्हतं, बैठकीतलं बोलणं बाहेर पडायला एक दिवस पुरला होता. लोक माना वळवून पाहत होते, आणि त्या नजरा माझ्या ओळखीच्या होत्या. सहा महिने त्याच नजरा तिच्यावर होत्या.

भाकर मोडली. ताट फिरायला लागलं. पहिलं तिच्यापुढे आलं. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे, माझं सगळ्यांत जास्त. तिने तुकडा उचलला नाही. पाळकसाहेबांकडे पाहून तिने सरळ विचारलं, “मांगे त्या बठेल शेतस, त्यासले देतस ना?”

पाळकसाहेब गोंधळले. गार्डसाहेबांबद्दल काही ठराव नव्हता. त्यांना कोणी बंदी केली नव्हती. पण ताट शेवटच्या चटईपर्यंत न्यायची सवयच मोडली होती, आणि ताट धरलेले कोषाध्यक्ष माझ्याकडे पाहायला लागले. माझ्याकडे! म्हणजे आता मी सांगायचं होतं की त्या माणसाला जेवू घालायचं की नाही. 

मग आमच्या पाळकसाहेबांनी, ज्यांनी कधी कोणापुढे वाक्य पुरं केलं नाही त्यांनी, खाली उतरून कोषाध्यक्षांच्या हातातलं ताट काढून घेतलं. सगळ्या चटयांमधून चालत मागे गेले आणि गार्डसाहेबांपुढे गुडघ्यांवर बसले. गार्डसाहेबांनी दोन्ही हात पुढे केले. तुकडा एकदा खाली पडला, पाळकसाहेबांनी दुसरा दिला. ते खाईपर्यंत ती वळून पाहत राहिली. मग तिने आपला घेतला.

बाहेर आल्यावर मी तिला मिठी मारायला गेले. तिने माझे हात धरून ठेवले.

“बाई, मी तुम्हले ते कसाले सांगं व्हतं? तुम्हले त्यासनी दया येवो म्हनीसन सांगं. तुम्ही त्यासले सगळासमोर नागडं करं.”

मी म्हणाले, तुझ्यासाठी केलं.

“मन्हासाठे नहीं,” ती म्हणाली. “तुम्हले राग ऊना, म्हनीसन करं.”

मला तिचा इतका राग आला की मी चार दिवस तिच्या घरावरून गेले नाही. माझ्यामुळे नाव वाचलं आणि वर मलाच शिकवते. पाचव्या दिवशी मी कमिटीचा राजीनामा दिला. दोन ओळींत दिला, कारण लिहिलं नाही. गार्डसाहेबांकडे मात्र अजून गेले नाही. माफी कशी मागायची ते मला येत नाही, मी आयुष्यभर दुसऱ्यांना मागायला लावली.

मे महिन्यात ती आणि गार्डसाहेब धडगावच्या जीपने वर गेले. त्यांनीच तिला विचारलं म्हणे, येशील का बरोबर, मला आता वाट ओळखू येणार नाही. दोन दिवस राहून आले. आल्यावर ते आपले उपासनेला येतात, चटया पाहत नाहीत, कुठेही जागा मिळेल तिथे बसतात. कोणाशी फार बोलत नाहीत. परवा पाळकसाहेबांच्या मुलीला बांबूची पिपाणी करून देताना दिसले, आणि तिच्याशी चक्क पावरीत बोलत होते.

जुलैतल्या भाकरीच्या शनिवारी मी तिच्याकडे गेले. आता दर महिन्याला जाते, पीठ चाळून देते, रेघा ओढायला मात्र ती मला देत नाही. पाऊस लागला होता. ती लाटत होती, मी चुलीत काटक्या सारत होते. दोन महिने जीभ आवरली होती, त्या दिवशी सुटली. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मग? गार्डसाहेबांनी टाकली का शेवटी धार?”

तिचं लाटणं थांबलं.

“बाई, तुम्ही कमिटी सोडी ना?”

“सोडली की. तीन महिने होत आले.”

“मंग हाई कोन इचारी ऱ्हायनं?”